उत्साहात संपन्न : तालुक्याच्या महाविद्यालयातील वार्तांचा विचार

तालुक्याच्या ठिकाणी चालणारे महाविद्यालय ही पदवी देणारी संस्था आहे, अशी समजूत सर्वत्र रूढ असली, तरी प्रत्यक्षात तिचे मुख्य उत्पादन पदवी नसून बातमी हे आहे, असे मानण्यास पुष्कळ आधार सापडतो. कारण पदवी वर्षातून एकदा आणि तीही विद्यापीठाच्या सहीने मिळते, तर बातमी आठवड्यातून दोनदा, स्थानिक वार्ताहराच्या सौजन्याने आणि रंगीत छायाचित्रासह निघते. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके या उत्पादनाच्या अभ्यासास विशेष सोयीचे आहेत. जुन्नरचे श्री शिवछत्रपती महाविद्यालय, नारायणगावचे ग्रामोन्नती मंडळाचे महाविद्यालय, ओतूरचे अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय, मंचरचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय आणि घोडेगावचे बी. डी. काळे महाविद्यालय ही सर्व सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी, म्हणजे १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ म्हणून स्थापन झालेल्या आणि २०१४ मध्ये नामविस्तार पावलेल्या विद्यापीठाशी संलग्न आहेत. पुढील निरीक्षणे यांपैकी कोणा एकाविषयी नसून महाराष्ट्रभर पसरलेल्या त्यांच्या सर्व भावंडांच्या समान प्रकृतीविषयी आहेत, आणि तरीही एखाद्या महाविद्यालयास ती आपल्याविषयीच वाटल्यास त्याने त्यांची नोंद 'बाह्य मूल्यांकन' या सदराखाली करण्यास हरकत नाही.

अमेरिकेत 'कम्युनिटी कॉलेज' म्हणून जी संस्था ओळखली जाते, ती परिसरातील लोकांना घराजवळ, कमी शुल्कात, दोन वर्षांचे आणि बहुधा व्यवसायोपयोगी शिक्षण देते, आणि इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झालेले महाविद्यालय त्या परंपरेतील पहिले समजले जाते. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने या धर्तीची योजना पुष्कळ उशिरा आखली. परंतु जुन्नर-आंबेगावच्या महाविद्यालयांना समाजाचे होण्यासाठी अशा योजनेची वाट पाहावी लागली नाही, कारण समाज पहिल्या दिवसापासून आवारातच आहे. पहाटे मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले धावतात, सभागृहात पतसंस्थेची वार्षिक सभा भरते, निवडणूक आली की वर्गखोल्यांची मतदान केंद्रे होतात, आणि लग्नसराईत जवळच्या मंगल कार्यालयातील वऱ्हाडाच्या गाड्या महाविद्यालयाच्या वाहनतळावर इतक्या हक्काने लागतात की प्राचार्यांनाच आपली गाडी रस्त्यावर उभी करावी लागते.

अशा संस्थेत निर्माण होणाऱ्या वार्तांचे दोन प्रवाह मानता येतात. पहिला छापील वार्तांचा, ज्यात नेमणुका, सत्कार, कार्यशाळा, जयंत्या, पुण्यतिथ्या आणि शिबिरे यांचा समावेश होतो आणि जो वर्तमानपत्राचे तालुका-पान, महाविद्यालयाचा वार्षिक अंक, प्रवेशद्वारावरचा फ्लेक्स आणि कर्मचाऱ्यांचा व्हॉट्सॲप समूह या चार मार्गांनी वाहतो. दुसरा चालत्या वार्तांचा, ज्यात एसटी आली की नाही, टोमॅटोला भाव काय, कोणत्या गावची यात्रा आहे आणि बिबट्या कोणाच्या उसात दिसला, यांचा समावेश होतो आणि जो शिपाईमामांच्या तोंडून वाहतो. या विषयाचा मूळ सिद्धान्त एवढाच की, जी वार्ता छापली जाते तिने महाविद्यालय चालत नाही, आणि जिने महाविद्यालय चालते ती छापली जात नाही.

छापील वार्तेची परंपरा या परिसरात कमीत कमी दोन हजार वर्षांची आहे. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा जो ब्राह्मी शिलालेख आहे, आणि जो बहुतेक अभ्यासक इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानतात, त्याचे स्वरूप पाहिले असता तो निःसंशय वार्षिक अहवाल ठरतो : कोणकोणते यज्ञ पार पडले, प्रत्येक यज्ञात किती गाई, किती घोडे आणि किती कार्षापण, म्हणजे त्या काळची किती नाणी, दक्षिणा म्हणून दिली, याची त्यात कलमवार नोंद आहे, यज्ञ चालू असताना घाटमार्गाचे काम कोण पाहत होते, याविषयी मात्र तो मौन बाळगतो. त्याच लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती ओळीने कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर तिचे नाव होते. आज मूर्ती जवळजवळ नष्ट झाल्या असून नावे शिल्लक आहेत. समूहछायाचित्रात चेहऱ्यापेक्षा छायाचित्राखालील नाव अधिक टिकते, हे तत्त्व वार्षिक अंकाच्या संपादक मंडळांना पुढे स्वतंत्रपणे सापडले. फरक एवढाच की, नाणेघाटात नावांचा क्रम 'डावीकडून' लावायचा की 'उजवीकडून', यावर वाद झाल्याची नोंद नाही.

देणगीदाराच्या पाटीचा उगमही याच तालुक्यात दाखवता येतो. शिवनेरी, मानमोडी आणि लेण्याद्री या डोंगरांतील बौद्ध लेण्यांत दानाचे जे लेख आहेत, त्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, दिलेले लेणे आणि पाण्याचे टाके यांचा उल्लेख येतो, आणि इरिल, चिट व चंद या यवनांची, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या परकीयांची, नावेही येतात. त्यांपैकी इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली आणि चिटाने भोजनमंडप दिला. आज महाविद्यालयाच्या व्हरांड्यात जो थंड पाण्याचा कूलर उभा असतो आणि ज्याच्या नळापेक्षा 'यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट' ही पाटी मोठी असते, तो या इरिलाचा थेट वारसदार होय. दोन हजार वर्षांनंतर एवढीच प्रगती झाली आहे की, इरिलाच्या टाक्यात पावसाळ्यानंतरही पाणी राहते.

छापील वार्तेच्या रचनेत पहिले स्थान संस्थेच्या नावाला असते, आणि हे स्थान लहान नसते. मंचरच्या महाविद्यालयाचे पूर्ण नाव रयत शिक्षण संस्थेचे अण्णासाहेब आवटे कला, वाणिज्य व हुतात्मा बाबू गेनू विज्ञान महाविद्यालय असे आहे, आणि त्यातील प्रत्येक शब्दाला इतिहास आहे : रयत म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली संस्था, आणि बाबू गेनू म्हणजे आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे ते गिरणी कामगार, जे १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे झाले आणि प्राणास मुकले. नावातले एकही पद गाळण्याजोगे नाही, हे खरेच; पण त्याचा परिणाम असा होतो की, मोजक्या शब्दांच्या बातमीत नाव, विभागाचे नाव, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष आणि 'यांच्या संयुक्त विद्यमाने' एवढे लिहून होईपर्यंत जागा संपत येते, आणि घडलेल्या गोष्टीला शेवटच्या ओळीत दोनच शब्द मिळतात. ते दोन शब्द 'उत्साहात संपन्न' हे होत.

'उत्साहात संपन्न' या प्रयोगाचा विशेष हा की, तो कोणत्याही कार्यक्रमास लागू पडतो आणि कोणत्याही श्रोत्यावर जबाबदारी टाकत नाही. रक्तदान उत्साहात संपन्न होते, शोकसभेच्या धर्तीवरील स्मृतिदिन उत्साहात संपन्न होतो, आणि ज्या कार्यशाळेला संगणकाचा प्रक्षेपक शेवटपर्यंत जोडला गेला नाही, तीही उत्साहातच संपन्न होते. त्यानंतर उपस्थितांची यादी येते, जिचा क्रम भाषणांच्या क्रमापेक्षा अधिक काळजीने ठरवलेला असतो : आधी संस्थेचे अध्यक्ष, मग उपाध्यक्ष, मानद सचिव, विश्वस्त, प्राचार्य, उपप्राचार्य, विभागप्रमुख आणि अखेर 'आदी मान्यवर'. हे 'आदी' म्हणजे छापील वार्तेतील सर्वांत दाट वस्तीचे ठिकाण होय. सूत्रसंचालन ज्याने केले, खुर्च्या ज्याने मोजल्या, छायाचित्र ज्याने काढले आणि ही बातमी लिहून वार्ताहराला ज्याने पाठवली, ते सर्व तिथे राहतात. आणि बातमी लिहिणाऱ्याचे नावही त्याच्याच हातून 'आदी'मध्ये जावे, यापेक्षा निःस्पृहतेचे मोठे उदाहरण शोधणे कठीण आहे.

वार्तांचा पुरवठा अखंड राहावा यासाठी शासन, विद्यापीठ आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांनी मिळून दिवसांचे एक पंचांग तयार केले आहे. २१ जूनचा योग दिन, १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन, १४ सप्टेंबरचा हिंदी दिन, १६ सप्टेंबरचा ओझोन दिन, २२ सप्टेंबरची कर्मवीर जयंती, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, २२ डिसेंबरचा गणित दिन, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, १४ जानेवारीचा भूगोल दिन, २५ जानेवारीचा मतदार दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन, अशी ती साखळी असून प्रत्येक विभागाला आपापला दिवस नेमून दिलेला असतो. वक्ते बदलतात, विषय बदलतात, फ्लेक्स बदलतो. श्रोते मात्र तेच, म्हणजे प्रथम वर्ष कला शाखेतील विद्यार्थिनी आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक, कारण हाक मारल्याबरोबर सभागृहात येऊन बसणारा दुसरा वर्ग उपलब्ध नसतो. त्यामुळे वर्षाच्या अखेरीस या विद्यार्थिनी ओझोनचा थर, मतदाराचे कर्तव्य, रामानुजनची गणिती प्रतिभा आणि पुस्तकांचे वर्गीकरण या सर्वांत पारंगत होतात, आणि केवळ नेमलेला अभ्यासक्रम तेवढा मागे राहतो.

प्रत्येक कार्यक्रमाचे अंतर्गत शास्त्रही ठरलेले आहे. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, विद्यापीठ गीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, मनोगत, प्रमुख व्याख्यान, अध्यक्षीय समारोप आणि आभार असे दहा टप्पे मानले, तर ज्यासाठी पाहुण्यांना बोलावलेले असते तो टप्पा आठवा येतो. दीपप्रज्वलनाच्या वेळी पंखा बंद करायचा असतो हे सर्वांना ठाऊक असते, पण त्याचे बटण कोठे आहे हे एका शिपाईमामांनाच ठाऊक असते, आणि ते त्या क्षणी पाहुण्यांसाठी चहा सांगायला गेलेले असतात. शालीऐवजी रोप देऊन स्वागत करण्याची पर्यावरणस्नेही पद्धत आता सर्वमान्य झाली असून, या पद्धतीत वक्त्याला कढीपत्त्याचे किंवा जास्वंदीचे रोप मांडीवर घेऊन पुण्यापर्यंत बसने जावे लागते, जी गोष्ट शालीच्या काळात कधीही घडली नव्हती.

विज्ञान दिनाला मात्र या परिसरात खरा मान आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथे जीएमआरटी, म्हणजे रेडिओ लहरी टिपणारी महाकाय दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या असून, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभारली गेली. सी. व्ही. रामन यांच्या १९२८ मधील शोधाच्या स्मरणार्थ साजऱ्या होणाऱ्या या दिवशी तिथे विज्ञान प्रदर्शन भरते आणि आसपासच्या शाळा-महाविद्यालयांतील मुले आपापली उपकरणे घेऊन हजर होतात. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकांची कुजबुज ज्या गावाच्या शिवारात स्वच्छ ऐकू येते, त्याच तालुक्यातील एखाद्या सभागृहात तिसऱ्या रांगेला वक्त्याचा आवाज पोहोचवण्यासाठी 'हॅलो, माईक टेस्टिंग' हा मंत्र सात वेळा म्हणावा लागतो, यात विज्ञानाचा दोष नसून मंडपवाल्याचा आहे.

कर्मचारी-वार्ता समजण्यासाठी आवारातील संबोधने समजून घ्यावी लागतात. शिकवणारे ते सर आणि मॅडम, कार्यालयातील लिपिक ते भाऊसाहेब, शिपाई ते मामा, संस्थेचे पदाधिकारी ते वयाप्रमाणे दादा, अण्णा, नाना किंवा तात्या, आणि या सर्वांच्या वर, कोणा एका व्यक्तीला न लागू होणारे पण प्रत्येक निर्णयाचे कर्तृत्व ज्याच्याकडे जाते ते 'संस्था'. 'संस्थेचे म्हणणे आहे' या वाक्याने सुरू झालेल्या चर्चेत दुसरे वाक्य येत नाही. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मात्र या उतरंडीचा क्रम वेगळा आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज ज्यांच्या टेबलावर असतो ते भाऊसाहेब सर्वोच्च, परीक्षेची आसनव्यवस्था ज्यांना ठाऊक असते ते मामा त्याखालोखाल, आणि प्राचार्य हे सही लागली तरच आठवणारे पद होय.

कर्मचारी-वार्तेचे चार मुख्य प्रकार आहेत : नेमणूक, पदवी, पदोन्नती आणि निवृत्ती. बहुशाखीय संस्थांत बदली हा पाचवा प्रकार मानावा लागतो, कारण रयतसारख्या संस्थेचे जाळे अनेक जिल्ह्यांत पसरलेले असल्याने मे महिन्याच्या अखेरीस प्राध्यापकांच्या घरी पावसापेक्षा बदलीच्या यादीची वाट अधिक आतुरतेने पाहिली जाते. नेमणुकीची वार्ता अलीकडे बहुधा तासिका तत्त्वाची असते. या तत्त्वानुसार प्राध्यापकाला घेतलेल्या तासापुरते मानधन मिळते, म्हणजे सुट्टीच्या दिवशी तो शास्त्रीयदृष्ट्या अस्तित्वात नसतो. तथापि स्नेहसंमेलन, क्रीडा सप्ताह, प्रवेश समिती आणि बातमी-लेखन या काळात त्याचे अस्तित्व कोणी नाकारल्याचे उदाहरण नाही. दरवर्षी जूनमध्ये तो नव्याने मुलाखत देतो, आणि मुलाखत समितीसाठी खुर्च्या मांडण्याचे कामही, सवयीने, तोच करतो.

पीएच.डी. मिळाल्याची वार्ता सर्वांत मोठ्या फ्लेक्सवर येते. प्रबंधाचा विषय फ्लेक्सवर मावत नसल्याने तो गाळला जातो, मार्गदर्शकाचे नाव लहान अक्षरांत येते, आणि शुभेच्छुक म्हणून गावातील तरुण मंडळ, सोसायटीचे संचालक व मित्रपरिवार यांची छायाचित्रे सभोवती लागतात, ज्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्यास कोणी निवडणूक जिंकली आहे असा समज होणे स्वाभाविक ठरते. नावामागे 'डॉ.' लागल्यावर गावाकडे त्या व्यक्तीस गुडघेदुखीवर औषध विचारले जाते, आणि वाणिज्य शाखेचे अनेक डॉक्टर अनुभवाने योग्य ते मलम सुचवू लागले आहेत.

पदोन्नतीचे शास्त्र अधिक गहन आहे. कारकीर्द प्रगती योजना, जी सर्वत्र 'कॅस' या नावाने ओळखली जाते, तिच्यासाठी उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग, शोधनिबंध आणि समित्यांवरील कामाचे पुरावे लागतात. २०१० च्या नियमावलीपासून प्रत्येक कृतीस गुण मिळू लागल्याने महाविद्यालयात पूर्वी जी कामे कोणी सांगूनही करत नसे ती स्पर्धेने होऊ लागली, आणि जी कामे सर्वजण न सांगता करत असत त्यांचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले. पावसात अडकलेल्या विद्यार्थिनीला दुचाकीवरून स्टँडवर सोडणे या कृतीस गुण नाहीत. 'महिला सुरक्षेतील वाहतुकीची भूमिका' या विषयावरील चर्चासत्राचे आभार मानण्यास मात्र आहेत.

या सर्व वार्तांचा महासंगम नॅकच्या भेटीत होतो. नॅक, म्हणजे १९९४ मध्ये स्थापन झालेली आणि बंगळुरू येथे मुख्यालय असलेली राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, महाविद्यालयाचे सात निकषांवर मूल्यांकन करत आणि चारपैकी गुण देऊन श्रेणी ठरवत आली आहे. तिची समिती येणार असे ठरले की भिंतींना रंग लागतो, झाडांना त्यांची वनस्पतिशास्त्रीय नावे मिळतात, गांडूळखत प्रकल्पात गांडुळे येतात, आणि वर्षानुवर्षे 'त्या कोपऱ्यातली खोली' म्हणून ओळखली जाणारी जागा एका रात्रीत 'समुपदेशन कक्ष' होते. प्रत्येक कार्यक्रमाचे जिओ-टॅग छायाचित्र, म्हणजे ज्यावर अक्षांश, रेखांश आणि वेळ छापलेली असते असे छायाचित्र, पुरावा म्हणून जोडावे लागत असल्याने, हा कार्यक्रम पृथ्वीवर नेमका कुठे झाला हे आता सेकंदासह सिद्ध करता येते. तो कशासाठी झाला, हा रकाना अद्याप उपलब्ध झालेला नाही. 'उत्तम प्रथा' या शीर्षकाखाली दोन प्रथांची माहिती द्यावी लागते, आणि सर्वांत जुनी प्रथा, म्हणजे दुपारच्या सुट्टीत डबे एकत्र उघडून खाणे, नम्रतेपोटी त्यात लिहिली जात नाही.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली, आणि तिचे सात दिवसांचे विशेष श्रमसंस्कार शिबिर हे छापील वार्तांचे सर्वांत सुपीक क्षेत्र आहे. पश्चिमेकडील एखाद्या आदिवासी गावात स्वयंसेवक बंधारा बांधतात, रस्ता झाडतात, प्रबोधनपर पथनाट्य करतात आणि ग्रामस्थांना स्वच्छतेचे महत्त्व पटवतात. ग्रामस्थ ते शांतपणे पटवून घेतात, कारण मागील वर्षी दुसऱ्या महाविद्यालयाने तेच पटवलेले असते. शहरी सवयीच्या मुलांना चूल पेटवता येत नाही हे पाहून गावातील आजी रोज सकाळी येऊन ती पेटवून देतात, नाचणीची भाकरी थापून दाखवतात आणि 'लेकरा, असं नव्हं' एवढ्या भाषणात स्वावलंबनाचा विषय संपवतात. समारोपाच्या बातमीत शिबिरामुळे ग्रामस्थांत जागृती झाल्याचे येते.

आता चालत्या वार्तांकडे वळले पाहिजे. महाविद्यालयाचे वेळापत्रक वेळापत्रक समिती तयार करते हा गैरसमज असून, ते वस्तुतः एसटीच्या आगारात तयार होते. हातवीज, अंजनावळे किंवा आंबेगावातील आहुपे यांसारख्या सह्याद्रीच्या कड्यालगतच्या गावांतून येणाऱ्या विद्यार्थ्याला मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री गावात थांबून पहाटे परत निघणारी एसटी, हाच एकमेव भरवशाचा मार्ग असतो. ती पहाटे निघाली तर पहिल्या तासाला वर्ग भरतो. ती बंद पडली तर पहिला तास होत नाही, आणि दुपारची परतीची गाडी लवकर असली तर शेवटचा तास 'विद्यार्थ्यांच्या शंकानिरसनासाठी' राखून ठेवला जातो. ज्या प्राध्यापकास विद्यार्थ्यांची नावे पाठ नसतात त्यासही त्यांच्या गाड्या पाठ असतात, आणि 'आहुपे गाडी आली का?' या प्रश्नाला 'हो सर' असे उत्तर मिळाल्याखेरीज हजेरी घेण्यात अर्थ नसतो, हे तो पहिल्याच पावसाळ्यात शिकतो.

हजेरीचा दुसरा नियंता बाजारभाव होय. नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की वर्गातील मागचे दोन बाक रिकामे होतात, कारण तोडणी, क्रेट भरणे आणि पिकअप लावणे यांसाठी घरी माणसे लागतात. २०२३ च्या जुलैत टोमॅटोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव मिळाला, तेव्हा अर्थशास्त्राच्या वर्गात मागणी-पुरवठ्याचा सिद्धान्त शिकवण्याची गरज उरली नाही, आणि शिकण्यासाठी कोणी उरलेही नाही. भाव कोसळला की मुले परत येतात, शुल्काचा दुसरा हप्ता मात्र परत येत नाही, आणि भाऊसाहेब दोन्ही गोष्टींची कारणे न विचारता मुदत वाढवून देतात. या मुदतवाढीचा ठराव कोणत्याही समितीच्या इतिवृत्तात सापडत नाही.

तिसरा नियंता यात्रा. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की बैलगाडा शर्यतींचे घाट भरतात. २०१४ मध्ये या शर्यतींवर बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम ठेवली, हा तपशील राज्यशास्त्राच्या ज्या विद्यार्थ्याला मूलभूत हक्कांची कलमे आठवत नाहीत तोही तारखांसह सांगतो. नारायणगाव हे तमाशाचेही मोठे केंद्र असल्याने, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या या गावात पाडव्याच्या आधी फडांच्या राहुट्या लागतात आणि यात्रा समित्यांचे लोक सुपारी द्यायला येतात. या कारणामुळे इथल्या स्नेहसंमेलनात लावणी सादर करणे हे अन्यत्र नसेल इतके जोखमीचे काम ठरते. परीक्षक काहीही म्हणोत, ढोलकीचा ठेका कुठे चुकला ते मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या पालकांना कळते, आणि ते तिथल्या तिथे सांगतात.

चौथा नियंता बिबट्या. उसाच्या पट्ट्यात त्याचा वावर वाढल्याने माणसांचे बळी गेलेले आहेत आणि माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावे लागले आहे, त्यामुळे संध्याकाळी मुलींना वेळेत घरी पाठवणे हा इथे सोयीचा नव्हे तर जिवाचा प्रश्न आहे. अंधार पडण्यापूर्वी कार्यक्रम आटोपला पाहिजे, ही अट घालण्याचे धैर्य आजवर कोणत्याही प्राचार्यास झाले नव्हते, कारण अध्यक्षीय भाषण मध्येच थांबवण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. आता सूत्रसंचालकाने 'मुलींना उसातून जायचे आहे' एवढे हळूच सांगितले की मोठमोठे वक्ते दोन मिनिटांत आवरते घेतात.

छापील आणि चालती या दोन वार्ता वर्षभर एकमेकींना टाळत असल्या, तरी एका प्रसंगी त्या समोरासमोर येतात, आणि तो प्रसंग म्हणजे सेवापूर्ती समारंभ. प्राध्यापक साठाव्या वर्षी निवृत्त होतो. त्याला फेटा बांधला जातो, शाल, श्रीफळ आणि भिंतीवर न मावणारे सन्मानचिन्ह दिले जाते, मानपत्राचे वाचन होते, आणि पंचवीस वर्षांत ज्यांनी त्याच्याशी कार्यालयीन पत्राखेरीज संवाद केला नाही ते सहकारी त्याच्या दिलदारपणाविषयी बोलतात. त्यानंतर सत्काराला उत्तर देण्यासाठी तो उभा राहतो, आणि गुणांची, पुराव्याची आणि संस्थेची भीती आता उरलेली नसल्याने, प्रथमच चालत्या वार्ता माईकवरून बोलू लागतो : परीक्षेच्या दिवशी गाडी आली नाही म्हणून कोणत्या मुलाला कोणाच्या दुधाच्या टेम्पोतून आणले, परीक्षा शुल्क भरायला पैसे नसलेल्या कोणत्या मुलीचे शुल्क कोणत्या मामांनी आपल्या पगारातून भरले आणि ती आज कुठे शिक्षिका आहे, तासिका तत्त्वावरच्या कोणत्या सहकाऱ्याने नऊ वर्षे वार्षिक अंक काढला आणि त्यावर संपादक म्हणून कोणाचे नाव छापले गेले. सभागृहात मागे उभे असलेले शिपाईमामा खाली पाहतात, पहिल्या रांगेतील काहीजण घड्याळ पाहतात, आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनी वर्षात पहिल्यांदाच मोबाईल पाहत नाहीत.

हे भाषण पाऊण तास चालते. दुसऱ्या दिवशी तालुका-पानावर त्याची नोंद 'सत्काराला उत्तर देताना सरांनी सर्वांचे ऋण व्यक्त केले' एवढ्या शब्दांत येते, कारण बातमी लिहिणाऱ्यास, म्हणजे नऊ वर्षे वार्षिक अंक काढणाऱ्या त्याच सहकाऱ्यास, उरलेल्या जागेत अध्यक्ष, उपाध्यक्ष, मानद सचिव, विश्वस्त, प्राचार्य आणि उपप्राचार्य यांची नावे बसवायची असतात. आणि ती सर्व बसल्यावर अगदी शेवटी थोडी जागा शिल्लक राहिलीच, तर तो तिथे स्वतःचे नाव न घालता 'आदी' लिहितो आणि कार्यक्रम उत्साहात संपन्न करतो.